दहावा टिपर घ्यावा का? (चुनखडीची खाण, ९ टिपर, २ पोकलेन)

रामबागवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचाच आहे, म्हणून जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

आमचे बाबा नीमचच्या बाजूला एका चुनखडीच्या खाणीत ठेकेदार आहेत. काम एवढंच, फुटलेला दगड भरायचा आणि क्रशरच्या हॉपरमध्ये, म्हणजे दगड फोडणाऱ्या यंत्राच्या तोंडात, नेऊन ओतायचा. टिपर ९, पोकलेन २. ड्रिलिंग-ब्लास्टिंगचा ठेका दुसऱ्याकडे, क्रशर सिमेंटवाल्यांचा. आठवडाभर ते तिकडेच असतात. शनिवारी रात्री इंदूरला येतात, रविवारी सकाळी पोहे-जिलेबी झाली की डायरी उघडतात, आणि मग दुपारपर्यंत आमच्या घरात डिझेल, टायर आणि ड्रायव्हर याशिवाय विषय नसतो. गेल्या रविवारी डायरीतून बँकेचा कागद निघाला. दहावा टिपर, महिन्याला साठ-सत्तर हजारांचा हप्ता. आईने कागद वाचला आणि पोह्याची बशी जरा जोरातच ठेवली.

बाबांचं म्हणणं, प्लांटवाले रोज ओरडतात की माल कमी येतो, म्हणजे गाड्या कमी पडतात. मी विचारलं, पण गाड्या रांगेत उभ्या असतात असंही तुम्हीच सांगता ना? तर म्हणाले, ते निराळं.

मी इथेच इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑपरेशन्स रिसर्चचे, म्हणजे गणिताने कामाचं नियोजन करण्याचे, दोन पेपर झालेत. त्यात एक सुतार असतो, तो टेबलं आणि खुर्च्या बनवतो, त्याचं लाकूड कायम अपुरं. दोन सेमिस्टर त्या सुताराचा नफा वाढवला, आता घरच्या ९ टिपरांवर पेन चालत नाही.

बाबांकडून काढलेली माहिती अशी. टिपरमध्ये २५ टन माल बसतो, भरायला ३ मिनिटं. दोन फेस, म्हणजे दगड काढायच्या जागा, चालू आहेत. जवळच्या फेसवरून भरून, ओतून परत यायला १४ मिनिटं, लांबच्यावरून २२. म्हणजे सरासरी १८. क्रशर ताशी ६०० टनांचा. जवळच्या दगडात कॅल्शियम ऑक्साइड ४२ टक्के, लांबच्यात ४८, आणि प्लांटला मिळून ४५ हवं. ते खाली गेलं की बिलात कटौती.

मॅच फॅक्टर, म्हणजे गाड्या पोकलेनला पुरतात का ते सांगणारं गुणोत्तर (१ म्हणजे बरोबर जोडी), काढला तर ०.७५ आला. म्हणजे पोकलेन रिकामे बसतात, गाड्या कमी आहेत. बाबा खूश. पण मला काहीतरी खटकतंय. काय मॉडेल लावू? क्यूइंग (रांगेचं गणित), सिम्युलेशन की एलपी (लिनिअर प्रोग्रॅमिंग, अटी पाळून सर्वांत चांगलं उत्तर काढणं)? बाबा येत्या सोमवारी बँकेत जाणार आहेत.

---

हिशेबी

ताई, मॉडेल वगैरे ठीक आहे, पण बाबांना एवढंच विचार की फेरीमागे डिझेल, टायर, ड्रायव्हर वजा करून हातात काय उरतं आणि त्या उरलेल्यात हप्ता बसतो का. आमच्या काकांनी असाच एक जास्तीचा डंपर घेतला होता. दोन वर्षं तो वडाखाली उभा. कोंबड्यांची सोय झाली.

---

निवृत्त खाणवाला

बेटा, तुला खटकतंय ते बरोबर खटकतंय. मी चौतीस वर्षं खाणीत काढली, आधी कोळसा, नंतर चुनखडी. आता लोकमान्य नगरात बाल्कनीत बसून स्कूटर मोजतो.

मॅच फॅक्टर फक्त गाडी आणि पोकलेनच्या जोडीचं सांगतो. नऊ गुणिले तीन, भागिले दोन गुणिले अठरा, बरोबर, पाऊण. पण गाडी दोन ठिकाणी थांबते, तू एकच ठिकाण धरलंस. दुसऱ्या टोकाला जा. ताशी ६०० टन म्हणजे २५ टनांच्या २४ फेऱ्या, म्हणजे अडीच मिनिटाला एक गाडी. तुझ्या ९ गाड्या कुठेही न थांबता पळाल्या तर तासाला ९ गुणिले ६० भागिले १८, म्हणजे ३० फेऱ्या करतील. क्रशर घेणार २४. उरलेल्या सहा जातील कुठे? हॉपरपुढे रांगेत. गाडीची फेरी मग १८ मिनिटांची राहत नाही, ९ गुणिले अडीच, साडेबावीस होते. प्रत्येक फेरीत साडेचार मिनिटं इंजिन चालू ठेवून उभं राहायचं.

आता दहावी गाडी घाल. फेरी २५ मिनिटांची होईल, थांबणं ७ मिनिटांचं. फेऱ्या त्याच, तासाला २४. बाबांनी हप्ता भरायचा तो गाडी उन्हात उभी करायला.

एलपीच लिहायचं असेल तर लिही, बाबांना दाखवायला बरं. जवळच्या फेसच्या ताशी फेऱ्या ज, लांबच्या ल. ज अधिक ल, २४ च्या आत. कॅल्शियमची अट सोडवलीस तर ल कमीत कमी ज इतका हवा. गाडी-मिनिटांची अट: १४ज अधिक २२ल, ५४० च्या आत. उत्तर बारा-बारा. त्याला गाडी-मिनिटं लागतात ४३२, म्हणजे ७.२ गाड्या. गाड्यांची अट सैलच राहिली, म्हणून गाडीची शॅडो प्राइस, म्हणजे आणखी एका गाडीने होणारा जास्तीचा फायदा, शून्य. पुस्तकातला तो आकडा पोरं परीक्षेपुरता पाठ करतात. इथे तो तुझ्या आईच्या बाजूने बोलतोय.

तरी ७.२ चे ८ करून एक गाडी विकू नकोस. ही सगळी गणितं सरासरीची झाली. एखादी गाडी तीन मिनिटांत भरते, एखादी पाचात. चार गाड्या एकदम येतात, मग दहा मिनिटं कोणीच येत नाही आणि क्रशर रिकामा फिरतो. हा भाग रांगेच्या गणिताचा. तेच तेच ग्राहक फिरून फिरून रांगेत येतात, त्या प्रकाराला सायक्लिक क्यू म्हणतात, आणि त्यावर कोनिग्सबर्गने १९५८ साली पेपर लिहिला तो कोळसा खाणीतली यंत्रं एका फेसवरून दुसऱ्या फेसवर कशी फिरतात ते पाहून. खाणीवरून निघालेलं गणित आहे हे, बँकेच्या खिडकीवरून नाही. आठ चालू आणि नववी पाना-स्क्रू घेऊन उभी, एवढं मी ठेवलं असतं.

पण हे सगळं नंतर. आधी दोन गोष्टी बघ.

पहिली, ड्रायव्हरला पैसे कसे देता? पगार अधिक फेरीमागे भत्ता असेल, आणि दोन्ही फेसला भत्ता सारखाच असेल, तर तुझं बारा-बारा कागदावर राहणार. जवळच्या फेसच्या फेऱ्या जास्त होतात, तर तो तिकडेच वळणार. मी एका मोठ्या खुल्या खाणीत होतो, नाव नको. मी आणि एका जोडीदाराने महिनाभर खपून कुठल्या डंपरने कुठल्या शॉव्हेलवर (माल भरणाऱ्या मोठ्या यंत्रावर) जायचं याचा तक्ता केला. कोऱ्या कागदावर टाइप करून पाळीच्या खोलीत लावला. तिसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर दोन नंबरच्या शॉव्हेलपुढे सात डंपर, चार नंबरचा ऑपरेटर बूमच्या सावलीत झोपलेला. का? दोन नंबरच्या वाटेवर चहाची टपरी होती. आमच्या मॉडेलमध्ये चहाच नव्हता. नंतर सिंगरौलीकडच्या मोठ्या खाणींत कॉम्प्युटरवाली डिस्पॅच पद्धत आली, जीपीएस आलं, कॅबिनमध्ये पडदा आला, कुठल्या शॉव्हेलवर जायचं ते तो पडदाच सांगतो. तरी शेवटी स्टिअरिंग माणसाच्या हातात.

दुसरी, क्रशर खरंच ताशी ६०० घेतो का? पाटीवर ६०० लिहिलेलं असतं. एक दिवस हॉपरपाशी बस. घड्याळ आणि वही घे. आणि धुळीचा मास्क घे, चुनखडी आहे म्हणून दुर्लक्ष करू नकोस. हेल्मेट, बूट, आणि बाबांना सांगून मॅनेजरची परवानगी काढ. टिपर मागे घेताना ड्रायव्हरला तू दिसणार नाहीस, तेव्हा बसायची जागा बर्मच्या, म्हणजे गाडी अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या, आत.

---

ग्राफवाला

काकांचं बरोबर आहे, पण याला ऑपरेशन्स रिसर्च म्हणायचं तर वाण्याच्या हिशेबालाही म्हणावं लागेल. खाणीतलं खरं ऑप्टिमायझेशन खड्ड्याच्या आकारात आहे.

जमीन ठोकळ्यांत वाटायची. प्रत्येक ठोकळ्याची किंमत, म्हणजे धातूचे मिळणारे पैसे वजा काढायचा-दळायचा खर्च. खालचा ठोकळा काढायचा तर उतार राखून वरचे सगळे आधी काढावेच लागतात, भले ते नुसती माती असोत. त्यातून सर्वांत जास्त नफ्याचा खड्डा कोणता? लर्च आणि ग्रॉसमन यांनी १९६५ मध्ये ग्राफ वापरून सोडवलं. पुढे १९७६ मध्ये पिकारने दाखवलं की हा मॅक्सिमम फ्लोचाच, म्हणजे जाळ्यातून जास्तीत जास्त प्रवाह नेण्याचाच, प्रश्न आहे. आता त्यासाठी होकबामचं स्यूडोफ्लो अल्गोरिदम लाखो ठोकळ्यांवर पटापट चालतं. अवघड आहे ती पुढची पायरी, कोणता ठोकळा कुठल्या वर्षी काढायचा. तिथे दर वर्षाची क्षमता मध्ये येते आणि सगळं इंटिजर, म्हणजे पूर्ण आकड्यांचंच, होऊन बसतं. माइनलिब (MineLib) नावाचा उदाहरणांचा संच आहे, त्यातलं सर्वांत लहान न्यूमन-१, १०६० ठोकळे. ताईंनी प्रोजेक्टला तेच घ्यावं. घरच्या टिपरपेक्षा मार्क जास्त मिळतील.

आपल्याच राज्यात मलाजखंड आहे की. तांब्याची मोठी खुली खाण, आता खाली भूमिगत काम चालू. खुलं खणणं कुठे थांबवायचं आणि भुयारातून कुठून सुरू करायचं, हा किती सुंदर प्रश्न आहे.

---

निवृत्त खाणवाला

ग्राफवाले, तुमचं शास्त्र खोटं नाही. तांबं, सोनं, लोखंड असेल, खाली खाली जाऊन माल बदलत असेल, तिथे तुमच्याशिवाय पान हलत नाही. पण ही सपाट पडलेली चुनखडी आहे. वर हात-दोन हात माती, खाली दगड. इथे खड्ड्याची हद्द लर्च-ग्रॉसमन ठरवत नाही. लीजची सीमा, गावाची वस्ती आणि पाण्याची पातळी ठरवते. शंभर मार्कांचं अल्गोरिदम चालवून उत्तर येणार, सगळं खणा.

आणि हिचा प्रश्न मार्कांचा नाही, सोमवारचा आहे.

---

रामबागवाली

काका, जाऊन आले. बाबांनी बँक आठ दिवस पुढे ढकलली, त्याबद्दल आईकडून तुम्हाला चकल्या.

गुरुवारी रात्रीच्या बसने नीमच. बाबांना वाटलं कंटाळून दुपारी परत जाईन. प्लांटच्या माणसाने हेल्मेट दिलं ते माझ्या डोक्यावर गोल फिरत होतं. हॉपरच्या बाजूला कंट्रोल केबिनच्या आडोशाला प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले. वहीत तीन रकाने: गाडी नंबर, रांगेत आली ती वेळ, ओतून निघाली ती वेळ. तासाभरात वहीची पानं पांढरी झाली, अक्षर बोटाने पुसून वाचायचं.

क्रशर चालू असतो तेव्हा खरंच अडीच मिनिटाला एक गाडी घेतो, तुमचा आकडा तंतोतंत. पण तो चालू कुठे असतो? सकाळी सव्वानऊला एक दगड आला, आमच्या घरच्या कपाटाएवढा. हॉपरच्या तोंडावर आडवा बसला. शिट्टी वाजली, सगळं थांबलं, रॉक ब्रेकरची दांडी खाली आली आणि ठक ठक ठक सुरू. दगड हलतो, फुटत नाही. फुटला की अर्धा पुन्हा आडवा. १९ मिनिटं. तोवर मागे सहा गाड्या. रांगेतल्या एका ड्रायव्हरने खाली उतरून टायरवर दगड मारून आवाज ऐकला, तंबाखू मळली, मला विचारलं, "मैडम, सर्वे वाली हो क्या?" दुपारी पुन्हा एक, २४ मिनिटं. पाळी संपताना तिसरा, १९. एकूण ६२.

पाळीत जेवण आणि बदली सोडून साडेसहा तास म्हणजे ३९० मिनिटं धरली. त्यातून ६२ गेली की ३२८, भागिले अडीच, १३१ फेऱ्या. मुन्शीच्या पर्च्या मोजल्या, १२९. बाबा दोन्ही आकड्यांकडे बराच वेळ बघत होते. एकही अडकलं नसतं तर १५६. म्हणजे प्लांटवाले ज्या मालासाठी ओरडतात तो त्यांच्याच हॉपरच्या तोंडाशी अडकलेला.

भत्त्याचंही तुम्ही म्हणालात तसंच. फेरीला वीस रुपये, दोन्ही फेसला सारखेच. सकाळी मुन्शी फेसच्या फाट्यावर उभा असतो तोवर बारा-बारा चालतं. दुपारी तो जेवायला गेला आणि मग सावलीतच राहिला. एक ते चार मी मोजल्या: जवळच्या ३१, लांबच्या १९. त्याचं मिश्रण काढलं तर ४४.२८. कटौती कुठून येते ते घरी कोणालाच माहीत नव्हतं, बाबा लॅबवाल्यांना शिव्या घालत होते. एका ड्रायव्हरला विचारलं तर त्याने काही लपवलं नाही. "पास वाली में चक्कर ज्यादा पड़ते हैं, मैडम। हमें तो चक्कर का पैसा है, चूने का नहीं।"

मी बाबांना म्हटलं, लांबच्या फेरीला वेळेच्या प्रमाणात द्या, २२ भागिले १४, म्हणजे वीसला साडेएकतीस. बरोबर का?

---

निवृत्त खाणवाला

थोडं जास्त झालं. रांगेतली साडेचार मिनिटं दोन्ही फेऱ्यांना लागतात ना? साडेअठरा आणि साडेसव्वीस धर. वीसला साधारण २८ रुपये ६५ पैसे. एकोणतीस दे. साडेएकतीस दिलेस तर सगळे लांबच्या फेसवर जातील आणि प्लांटला उगाच ४८ चा माल जाईल, त्याचे पैसे तुला कोणी देणार नाही. आणि रांग कमी झाली की हा भाव पुन्हा काढ. फेरीमागचा भत्ता निम्मा करून उरलेला पाळीवर दिलास तर अजून बरं. हॉल रोडला उतार असतो, एकास सोळा जरी असला तरी भरलेला टिपर फेरी वाचवायला पळवला की माणूस जातो. मी एकाच्या घरी निरोप घेऊन गेलोय.

आता त्या कपाटाएवढ्या दगडाचं. तो बाबांनी केलेला नाही, बाबा भोगतात. ब्लास्टिंगवाल्याला पैसे कशाचे मिळतात ते विचार. फुटलेल्या टनांचे मिळत असतील तर तो भोकं लांब लांब पाडणार, दारू (स्फोटकं) वाचवणार. त्याचा खर्च कमीत कमी झाला, गणित त्याचं त्याने अचूक सोडवलं. फक्त त्याची बाकी तुमच्या हॉपरच्या तोंडावर निघते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात हेच धरून मोठं काम केलं, माइन टू मिल म्हणतात त्याला. ब्लास्टमध्ये थोडी जास्त दारू घातली की पुढे दळण्याचा खर्च त्याहून जास्त वाचतो. पण ते जमतं कधी, जेव्हा ब्लास्टचा आणि क्रशरचा खर्च एकाच वहीत असतो. तुमच्याकडे वह्या तीन आहेत.

तू ते १३१ आणि १५६ घेऊन बाबांना प्लांटच्या माणसाकडे पाठव. माल त्यांना हवाय. ब्लास्टिंगवाल्याला मीटरभराच्या वरचा दगड आला तर दंड, असं कलम तेच घालू शकतात. आणि तोवर रॉक ब्रेकर फेसवर पाठवा, मोठा दगड तिथेच फोडा. पोकलेन तसाही शंभरातली चाळीस मिनिटं रिकामा आहे, बोल्डर बाजूला काढायला त्याला वेळ आहे.

---

हिशेबी

टिपरचं काय झालं शेवटी?

---

रामबागवाली

कागद परत डायरीत गेला. फाडला नाही, बाबांचं तसं असतं. एकोणतीस रुपये सोमवारपासून सुरू केले. पहिल्या दिवशी दोन ड्रायव्हरांना वाटलं काहीतरी फसवणूक आहे, बुधवारी लांबच्या फेसवर जायला भांडणं. कटौतीचं बिल महिन्याअखेरीस कळेल.

काका, अजून एक. पावसाळ्यात लांबच्या फेसमध्ये पाणी भरतं, पंप लावला तरी आठवडा-आठवडा बंद राहतो. मग ४८ चा दगड आणायचा कुठून? बाबा म्हणतात जूनच्या आधी क्रशरपाशी ढीग करून ठेवू. किती ठेवायचा?

---

निवृत्त खाणवाला

मागच्या तीन पावसाळ्यांची रजिस्टरं काढ. फेस कुठल्या तारखेला बंद झाला, कुठल्या तारखेला सुरू, मध्ये प्लांट चालू होता की त्यांचंही शटडाऊन होतं. बाबा तोंडी सांगतील ते लिहू नकोस, पर्च्या बघ. मग बोलू.